घरच्या घरी किट कार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट कार म्हणजे सुट्या भागांतून स्वतः जोडलेली गाडी. तिच्याबद्दलचे हे प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत उगाळलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. क्रम साधारण कामाच्या ओघाने आहे. नोंदणीचा प्रश्न तेवढा मुद्दाम वर घेतला आहे.

१. किट कार म्हणजे सगळे भाग खोक्यातून येतात आणि आपण फक्त बोल्ट आवळायचे, असंच ना?

असं फार थोड्या किटच्या बाबतीत असतं. नव्याकोऱ्या भागांची संपूर्ण किट मिळते. तिच्यात चॅसिस (गाडीचा सांगाडा) आणि इंजिनापासून वॉशरपर्यंत सगळं येतं. ती सर्वांत महाग आणि सर्वांत सोपी. त्याहून जास्त आढळणारा प्रकार म्हणजे चॅसिस आणि बॉडी किटवाल्या कंपनीची, आणि इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक एखाद्या जुन्या गाडीतून काढलेले. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. काही किटमध्ये डोनरचा तळ तसाच ठेवून वर नुसती नवी बॉडी चढवतात. आणि काही जण किट घेतच नाहीत, नकाशा घेतात आणि चॅसिसही स्वतःच वेल्ड करतात.

जाहिरातीत 'संपूर्ण किट' असं लिहिलेलं असलं, तरी तिच्यात काय *येत नाही* ते लेखी मागा. टायर, बॅटरी, ऑइल, रंग आणि पुष्कळदा सीटसुद्धा बाहेरून घ्यावी लागते.

२. हा प्रकार मुळात सुरू कसा झाला?

अगदी पहिली किट कोणती यावर वाद घालता येईल, पण आज दिसणाऱ्या बहुतेक किट तीन-चार गाड्यांच्या वंशातल्या आहेत. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही हलकी स्पोर्ट्स कार १९५७ साली आली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांवर तो वाचायचा, म्हणून लोक ती सुटी घेऊन घरी जोडत. १९७३ मध्ये तिथे मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तिथे ती आजही बनते. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगन बीटलच्या यांत्रिक भागांवर फायबरग्लासची मेयर्स मँक्स उभी केली आणि वाळूतल्या बग्गींची लाटच आली. कॅरोल शेल्बी यांच्या १९६२ च्या कोब्रा स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृती आजही मोठ्या संख्येने बांधल्या जातात. १९९० च्या दशकात ब्रिटनच्या रॉन चॅम्पियन यांनी सेव्हनच्या धर्तीवर घरी वेल्ड करण्याजोगी चॅसिस लोकांपुढे ठेवली. प्रश्न १ मधल्या चौथ्या प्रकारचे बरेचसे लोक त्याच वाटेने आलेले असतात. या चॅसिसला 'लोकॉस्ट' म्हणतात.

३. गाडी बांधून झाली की नोंदणीचं बघू, चालेल का?

नाही. पैसे देण्याआधी, डोनर उघडण्याआधी, पहिली नळी कापण्याआधी नोंदणीचे नियम वाचा. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात आणि काही ठिकाणी घरी बांधलेल्या एकट्या गाडीला रस्त्यावर येण्याचा मार्गच ठेवलेला नसतो. तसं असेल तर ट्रॅकवर चालवायची गाडी बांधा, आणि हे ठरवूनच सुरुवात करा.

मार्ग असतो तिथे तपासणी कशी होते याची कल्पना यावी म्हणून ब्रिटनचं उदाहरण घेऊ. तिथे २००९ पासून एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता तपासणी होते. तपासनीस ब्रेक, दिव्यांची उंची, आरशातून दिसणारा भाग, धूर आणि आवाज बघतोच, शिवाय हाताला लागू शकेल अशी बाहेरची प्रत्येक कड निदान २.५ मिमी त्रिज्येने गोल आहे का तेही बघतो. लोक नापास होतात ते इंजिनामुळे कमी आणि असल्या कडा, उघडे बोल्ट आणि न बांधलेल्या वायरी यांमुळे जास्त.

कुठेही असा, तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून जमवा: डोनरची मूळ कागदपत्रं, प्रत्येक मोठ्या भागाची पावती, आणि कामाचे तारखेनिशी फोटो. इंजिन आणि चॅसिसवरचे क्रमांक घासू नका, रंगाखाली झाकू नका. क्रमांक नसलेलं स्वस्त इंजिन नोंदणीच्या टेबलावर फार महाग पडतं.

४. मी मेकॅनिक नाही. जमेल का?

गाडीचे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वॉटर पंप अशी कामं पुस्तकात बघून स्वतः केली असतील तर पहिल्या दोन प्रकारांतली किट जमेल. यातलं काहीच केलं नसेल, तर आधी डोनर म्हणून घेतलेली गाडी चालू स्थितीत ठेवा आणि तिचीच दुरुस्ती करत शिका. कौशल्याच्या अभावाने किट अडते त्याहून जास्त ती अर्ध्यावर कंटाळा आल्याने अडते. वेल्डिंग, इंजिनाची आतली कामं आणि रंग ही तिन्ही बाहेर देता येतात; त्यात कमीपणा नाही.

५. जागा आणि हत्यारं किती लागतील?

सेव्हनच्या जातीची गाडी साडेतीन मीटरच्या आत बसते, पण लागते त्याहून बरीच जास्त जागा. बॉडीचे भाग, उघडलेली डोनर आणि भिंतीशी ठेवलेलं इंजिन या सगळ्यांना छप्पर हवं. एका गाडीचं गॅरेज असेल तर काम होतं, मात्र डोनरचं उरलेलं धूड आधी हलवावं लागतं.

हत्यारांत पान्यांचे दोन चांगले सेट, टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच, म्हणजे ठरलेल्या टॉर्कला, आवळायचा पाना), ट्रॉली जॅक, चार भक्कम स्टँड, ड्रिल, रिव्हेट गन, आटे पाडायचे टॅप-डाय, कानशी, मल्टिमीटर आणि वायरीवर टोकं दाबून बसवणारा चांगला क्रिंपर. इंजिन उचलायची क्रेन दोनदाच लागते, ती भाड्याने आणा. क्रिंपर मात्र स्वस्तातला घेऊ नका. का ते प्रश्न १४ मध्ये आहे. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, मिनिटभरसुद्धा नाही.

६. किती दिवसांत होईल?

दिवसांत मोजू नका, तासांत मोजा. नव्या भागांच्या संपूर्ण किटला शंभर-दीडशे तास धरले जातात. डोनरवाल्या किटला त्याच्या तिप्पट-चौपट, कारण डोनरचा प्रत्येक भाग काढून, धुऊन, गंज घालवून, बुश-बेअरिंग बदलून मगच बसवायचा असतो. चॅसिसपासून स्वतः करणाऱ्याने हजाराच्या पुढची तयारी ठेवावी. गाडी चाकांवर उभी राहिली की अर्ध्याहून जास्त काम संपल्यासारखं वाटतं. खरं तर वायरिंग, पाइप, आतली सजावट आणि कडा घासणं हा निम्मा भाग तेव्हा सुरू होतो.

७. डोनर गाडी कशी निवडू?

ही निवड किट ठरवते, तुम्ही नाही. कंपनीच्या पुस्तकात दिलेलं मॉडेल आणि वर्ष दोन्ही जसंच्या तसं घ्या. एकाच नावाच्या गाडीत मधल्या एखाद्या वर्षी हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक किंवा वायरिंग बदललेलं असतं आणि चॅसिसवरची भोकं मग जुळत नाहीत.

बॉडी गंजलेली असली तरी बिघडत नाही, ती फेकायचीच आहे. चालत असलेली, कागदपत्रं पूर्ण असलेली आणि मागून धडक बसलेली गाडी उत्तम. पुढून बसलेली असेल तर स्टिअरिंग रॅक, हब आणि इंजिनाचे माउंट संशयाने बघा. उघडण्याआधी ती चालवून पाहा: गिअर नीट पडतात का, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) घूं-घूं आवाज करतं का, गरम झाल्यावर ऑइलचा दाब किती राहतो. एकदा उघडली की हे कळायला मार्ग नाही.

इंजेक्शनचं इंजिन असेल तर कॉम्प्युटर, त्याची पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, ॲक्सिलरेटरचं पेडल आणि *मूळ किल्ली* हे एकत्र घ्या. चोरीविरोधी यंत्रणा किल्लीतल्या चिपला ओळखते. किल्ली राहिली तर धडधाकट इंजिन एक सेकंद चालून बंद पडतं, आणि माणूस महिनाभर गाडीतला पेट्रोलचा पंप तपासत बसतो.

८. किट एका डोनरची आहे, पण मला दुसरं, जास्त ताकदीचं इंजिन घालायचं आहे. एवढा एकच बदल करू का?

हा एकच बदल नसतो. इंजिन बदललं की त्याचे माउंट बदलतात. सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोल असेल तर तो जमिनीला लागतो, म्हणून इंजिन वर घ्यावं लागतं. वर घेतलं की बॉनेट बसत नाही. गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंतचा फिरता दांडा) नव्याने करून त्याचं संतुलन करून घ्यावं लागतं, आणि त्याच्या दोन टोकांच्या सांध्यांचे कोन समान ठेवावे लागतात, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरते. गिअर लिव्हर दोन सीटांमधल्या बोगद्यातून भलतीकडेच बाहेर येते. एक्झॉस्ट ज्या बाजूला येतो तिथेच नेमका स्टिअरिंगचा दांडा असतो. रेडिएटर पुरत नाही. मागचा धुरा तेवढ्या ताकदीचा नसतो.

यातली एकही अडचण न सुटणारी नाही, आणि ज्यांना बांधण्यातच गोडी आहे त्यांना हीच मजा वाटते. पण 'गाडी चालवायची आहे' हा हेतू असेल, तर पहिली गाडी पुस्तकाबरहुकूम बांधा. हलक्या गाडीला ताकद लागतेही कमी: पाचशे-सहाशे किलोच्या गाडीत साधं १.६ लिटरचं इंजिनसुद्धा चांगलंच पळवतं.

इंजिन मधोमध असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुधा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या डोनरचा पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) उचलून मागे बसवतात. आता मागच्या चाकांना स्टिअरिंगचे सांधे आहेत, ते घट्ट बांधून टाकावे लागतात, आणि त्यांची लांबी चाकांची दिशा ठरवते. डोनरचे मोठे पुढचे ब्रेक मागे आले, त्यामुळे ब्रेकचा समतोल उलटला (प्रश्न १३). आणि पुढच्या कॅलिपरला (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) हँडब्रेक बहुधा नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. बीटलचा गिअरबॉक्स इंजिनासकट फिरवून मधोमध लावणाऱ्यांनी डिफरन्शियलचं मोठं चक्र दुसऱ्या बाजूला घ्यायला विसरू नये. नाहीतर मागे जायचे चार गिअर आणि पुढे जायचा एक अशी गाडी तयार होते.

९. मोटरसायकलचं इंजिन घातलं तर?

हलक्या गाडीत ते धमाल चालतं. गिअरबॉक्स आणि क्लचही त्यातच येतात. अडचणी दोन. पहिली, रिव्हर्स गिअर नसतो. बऱ्याच नियमांत तो सक्तीचा आहे, म्हणून वेगळी रिव्हर्स पेटी किंवा विजेची मोटर लावावी लागते. दुसरी जास्त गंभीर. मोटरसायकल वळणावर झुकते, त्यामुळे ऑइल सम्पच्या तळाशीच राहतं. गाडी झुकत नाही, ऑइल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. सम्पमध्ये आडवे पत्रे बसवणं ही किमान तयारी. ट्रॅकवर जोरात चालवणार असाल तर ड्राय सम्पच करा, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवा.

१०. चॅसिस स्वतः वेल्ड केली तर पुरेशी मजबूत होईल का?

नकाशा चांगला असेल आणि तुमचं वेल्डिंग दुसऱ्या कुणी जाणकाराने तपासलं असेल, तर होईल. लोकॉस्ट पद्धतीची चॅसिस २५ मिमी चौरस आणि १.६ मिमी जाडीच्या पोलादी नळीतून होते. ती मजबूत असते ती नळीच्या जाडीने नव्हे, त्रिकोणांमुळे. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून 'इथे पाय अडतो' म्हणून एखादी तिरकी नळी काढणाऱ्याने ती काय धरून ठेवत होती हे आधी समजून घ्यावं. जाड नळी वापरून मजबुती येईल या समजुतीने वजन मात्र नक्की वाढतं.

कामाचा टेबल सपाट आणि न हलणारा हवा. आधी सगळी चॅसिस फक्त टाके मारून उभी करा, मग कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात आहे. पूर्ण वेल्डिंग करताना एका कोपऱ्यात सलग बसू नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून थोडं थोडं करा, कारण वेल्ड थंड होताना धातू ओढून घेतो. सस्पेन्शनचे ब्रॅकेट शेवटी, जिगमध्ये (भाग नेमक्या जागी धरणाऱ्या साच्यात) धरूनच लावा. तिथला दोन मिमीचा फरक पुढे अलाइनमेंटमध्ये भेटतो.

सुरक्षेचं नेहमीचं सगळे सांगतात, न सांगितलं जाणारं इथे लिहितो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर, तो पूर्ण सुकल्याशिवाय, वेल्डिंग करू नका. त्यातून फॉस्जीनसारखा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीचा धूरही छातीत भरतो. मुलामा आधी घासून काढा.

११. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट सगळीकडे वापरू का?

बॉडीला खुशाल वापरा. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्ट इथे नको. तिथे डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असलेले पोलादी बोल्टच हवेत. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये, आणि दुसरा सांगतो की तिच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जातो. नेहमीचं स्टेनलेस याहून मऊ असतं आणि त्याचे आटे एकमेकांत जाम होतात.

नायलॉनच्या कड्याचे नट एकदा सोडले की नवे लावा. आणि आट्यांवर ऑइल असेल तर पुस्तकातला कोरड्या आट्यांचा टॉर्क लावू नका, बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जाईल.

१२. सगळं बसवलं, पण गाडी पुढून उंचच उभी राहते आणि दाबली की परत उसळते. स्प्रिंग चुकल्या का?

बहुधा नाही. विशबोनचे (चाक चॅसिसशी जोडणाऱ्या दुबेळक्या दांड्यांचे) रबरी बुश गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना आवळलेले असतात. रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि मग स्वतःच स्प्रिंगसारखं वागतं. पुढे लवकर फाटतंही. सगळे बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, माणसाच्या वजनाइतकं ओझं सीटवर ठेवा, चार वेळा दाबून सोडा, आणि मग आवळा. पॉलियुरेथेनचे काही बुश नळीवर मोकळे फिरतात, त्यांना हा त्रास नसतो.

१३. डोनरचे ब्रेक आहेत तसे बसवले की झालं ना?

भाग तेच राहतील, समतोल तोच राहील असं नाही. डोनरचं वजन जास्त होतं आणि बरंचसं पुढच्या चाकांवर होतं. तुमची गाडी कदाचित निम्म्या वजनाची असेल आणि भार मागे सरकलेला असेल. नियम एकच: जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं आधी अडकली पाहिजेत. मागची आधी अडकली तर गाडी गिरकी घेते. मागच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा पेडलवर तोल बदलणारी दांडी बसवतात. तपासणीनंतर ती कुणी सहज फिरवू शकणार नाही अशी बंद करावी लागते. हलक्या गाडीत व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काढून टाकायची पद्धत आहे, पण मग मास्टर सिलिंडरचा व्यास आणि पेडलची तरफ दोन्ही नव्याने ठरवा, नाहीतर पेडल लाकडासारखं लागेल.

पुढचा आणि मागचा सर्किट वेगळा ठेवा. पाइप तांबं-निकेल मिश्रधातूचा घ्या, निव्वळ तांब्याचा नको, आणि तो जागोजाग क्लिपने बांधा. ब्रेक ऑइलपैकी डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलवर आधारित आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं आहे आणि ते यांत मिसळायचं नाही. आकडे जवळचे आहेत म्हणून फसू नका.

'कितीही हवा काढली तरी पेडल मऊच' हे इतकं येतं की इथेच सांगतो. कॅलिपर बघा. हवा काढायचा निपल सर्वांत *वर* आहे का? डावा कॅलिपर उजवीकडे लागला असेल तर निपल खाली येतो आणि वरची हवा कधीच निघत नाही. कॅलिपर बदलून लावा. तरीही मऊ असेल तर मागचे ड्रम सैल आहेत का ते बघा.

१४. एक दिवा लावला की दुसरा मंद होतो, आणि इंडिकेटरबरोबर काटे नाचतात. वायरिंग नव्याने करू?

आधी अर्थिंग बघा. कारखान्यातल्या गाडीची पोलादी बॉडी म्हणजेच परतीची वायर असते. तुमची बॉडी फायबरग्लासची आहे, तिच्यातून वीज जात नाही. प्रत्येक दिव्याला, पंख्याला, हॉर्नला चॅसिसपर्यंत स्वतःची अर्थ वायर हवी, आणि चॅसिसवरचा रंग त्या जागी खरवडलेला हवा. इंजिनापासून चॅसिसपर्यंत जाड अर्थ पट्टीही लागते. ती राहिली तर स्टार्टरचा प्रवाह क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून चिकटते.

हेडलाइट आणि पंखा रिलेवर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) घ्या. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टला मिळून नऊ अँपिअरच्या पुढे जातात. डॅशबोर्डवरच्या छोट्या बटणाला ते झेपत नाही. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूजच्या आधीची वायर चॅसिसला घासली तर ती वाचवायला कुणी नसतं. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडं. वायरीची टोकं क्रिंपच करा. नुसता सोल्डर दिला तर कंपनाने वायर सोल्डर संपतो त्या जागीच तुटते, आणि ती कुठे तुटली हे इन्सुलेशनखाली दिसत नाही.

१५. पेट्रोलच्या लाइनमध्ये काय जपायचं?

इंजेक्शनच्या इंजिनात दाब साधारण ३ बार असतो, कार्ब्युरेटरच्या कितीतरी पट. जुन्या कार्ब्युरेटरची रबरी नळी तिथे चालणार नाही. इंजेक्शनसाठीची आणि इथेनॉल सोसणारी नळी घ्या. लाइन एक्झॉस्टपासून दूर आणि प्रवाशांच्या मधल्या बोगद्यात शक्यतो अखंड, सांध्याशिवाय न्या. टाकीला हवेची वाट ठेवा आणि ती गाडी उलटली तरी गळणार नाही अशा व्हॉल्व्हमधून काढा. धडक बसताच पंप बंद करणारा स्विच डोनरमध्ये असेल तर तो फेकू नका.

१६. बॉडीचे भाग एकमेकांत बसत नाहीत. खराब माल आला का?

थोडंफार न बसणं हे फायबरग्लासचं नेहमीचंच आहे. साच्यातून लवकर काढलेला भाग ठेवला त्या आकाराला वाकतो. म्हणून आल्याबरोबर भाग भिंतीला टेकवून ठेवू नका, गाडीवर चढवून ठेवा. कापायच्या आधी सगळे भाग एकत्र टांगून फटी जुळवा, आणि एका जागची फट कमी करताना दुसरीकडची बघत राहा. कापताना रेघेवर चिकटपट्टी लावा, बारीक दातांचं पातं वापरा. भोक पाडताना सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा, म्हणजे जेलकोटला (वरच्या गुळगुळीत थराला) ताऱ्यासारखे तडे जात नाहीत. धूळ फुप्फुसात बसते. मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा, गाळणीचा हवा, कापडाचा नको. रंगाची घाई करू नका. बॉडी काही आठवडे उन्हात राहू द्या. रंगाखाली काय उमटायचं ते आधीच उमटतं.

ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी चॅसिसवर असेल तर मध्ये सीलंटचा थर द्या. दोन धातू थेट भिडले आणि ओल आली की ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं.

१७. उभ्या गाडीत इंजिन तापतं, पळताना ठीक असतं. रेडिएटर मोठा घेऊ?

आधी पंखा हवा कोणत्या दिशेला फेकतो ते बघा. वायरी उलट जोडल्या की तो उलटा फिरतो. मग आत अडकलेली हवा. बुटक्या नाकाच्या गाडीत रेडिएटर इंजिनाहून खाली असतो, त्यामुळे पाण्याची टाकी यंत्रणेत सर्वांत उंचावर ठेवावी लागते आणि नळीच्या प्रत्येक उंचवट्याला हवा काढायची सोय लागते. उलट, पळतानाच तापत असेल तर रेडिएटरच्या कडेने हवा निसटत असते. पुढे पत्र्याची तोंडं करून तिला रेडिएटरमधूनच जायला भाग पाडा.

१८. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना?

स्पार्क प्लग काढा, इंधन बंद ठेवा, आणि ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोड्या थोड्या वेळाने फिरवा. मग प्लग लावा. अग्निशामक हाताशी, दुसरा माणूस पेट्रोलच्या लाइनवर नजर ठेवून, गॅरेजचं दार उघडं. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटचा नवा कॅमशाफ्ट असेल तर सुरू होताच मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटं ठेवायचं असतं. आयडलवर घुटमळू द्यायचं नाही. इतर इंजिनांना हा सोपस्कार लागत नाही.

१९. रेसिंगचे चार पट्ट्यांचे बेल्ट जास्त सुरक्षित ना?

बसवले नीट तर. खांद्यावरचे पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. सीटमागे खाली जमिनीला बांधले, तर धडकेत ते मणक्याला खाली दाबतात. बेल्टचा बोल्ट नुसत्या पत्र्यात किंवा फायबरग्लासमध्ये कधीही नाही. चॅसिसला वेल्ड केलेल्या जाड पट्टीतच. रोलबारही (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा) चॅसिसच्या मुख्य नळ्यांवर उभा हवा. नुसता शोभेचा दांडा बसवला असेल तर गाडी दुसऱ्याला चालवायला देताना तसं सांगा.

२०. व्हील अलाइनमेंट नेहमीच्या दुकानात होईल का?

मोजून मिळेल, पण तुमच्या गाडीचे आकडे त्यांच्या यंत्रात नसतात. ते कंपनीच्या पुस्तकातून तुम्हीच न्यायचे. चालकाचं वजन सीटवर ठेवून मोजायला सांगा. एवढ्या हलक्या गाडीत एक माणूस म्हणजे फार मोठा हिस्सा. सरळ रस्त्यावर खड्डा लागला की गाडी आपोआप बाजूला जात असेल, तर तो अलाइनमेंटचा दोष नाही. स्टिअरिंग रॅकची उंची किंवा लांबी विशबोनशी जुळत नाही. चाक वर-खाली होताना स्वतःच वळतं. रॅकच्या खाली पट्ट्या घालून उंची बदलून बघा.

२१. स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो. बिघडलाय का?

टायर लहान झालेत. डोनरला १९५/६५ आर १५ होते, त्यांचा व्यास सुमारे ६३४ मिमी. तुम्ही १८५/६० आर १३ लावले, व्यास सुमारे ५५२ मिमी. काटा १०० दाखवतो तेव्हा खरा वेग ८७ च्या आसपास असतो. डिफरन्शियलचं गुणोत्तर बदललं असेल तर वेगळा फरक पडतो. तपासणी असेल तिथे खऱ्या वेगापेक्षा *कमी* दाखवणारा काटा सहसा चालत नाही. मोठे टायर लावणाऱ्यांनी हे आधी बघावं.

२२. इलेक्ट्रिक केली तर?

होते, आणि क्लच, एक्झॉस्ट, पेट्रोलची लाइन ही सगळी डोकेदुखी जाते. बॅटरीचं वजन मात्र कुठे ठेवायचं हा चॅसिसचाच प्रश्न होतो, आणि नियमाच्या दृष्टीने ती प्रश्न ३ मधलीच कथा आहे. साठ व्होल्टच्या वरचा डीसी प्रवाह जीव घेऊ शकतो. त्या भागाचं काम ज्याला त्याचं प्रशिक्षण आहे त्यालाच द्या.

२३. कुणीतरी अर्धवट सोडलेली किट स्वस्तात मिळते आहे. घेऊ?

कागदपत्रं पूर्ण असतील तर विचार करा. नसतील तर ती गाडी नाही, सुट्या भागांचा ढीग आहे आणि भाव ढिगाचाच द्या. मूळ पुस्तक आणि भागांची यादी मागा, यादीवर खुणा करत खोकी मोजा. वेल्डिंग, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग आधीच्या माणसाने केलेलं असेल तर ते पुन्हा करायचं आहे असं धरून हिशेब मांडा. का सोडली हेही विचारा. 'वेळ नाही' हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं, पण 'हा एक भाग बसत नव्हता' असं कुणी म्हणालं तर तो भाग तिथेच बसवून बघा.

२४. गाडी रस्त्यावर आली. आता काय तपासत राहू?

पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, सस्पेन्शन, स्टिअरिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि इंजिन माउंट यांचा टॉर्क परत बघा. प्रत्येक आवळलेल्या नटावर आणि शेजारच्या धातूवर रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. विमा ठरलेल्या मूल्याचा घ्या, फोटो आणि पावत्या तिथेही लागतात.

२५. माझ्या किटची कंपनी बंद पडली आहे. सुटे भाग कुठून मिळणार?

यांत्रिक भागांची चिंता नाही, ते डोनरचेच आहेत. फक्त कोणता भाग कोणत्या गाडीचा, याची यादी पार्ट नंबरसकट करून ठेवा, कारण दहा वर्षांनी तुम्हाला ते आठवणार नाही आणि दुसऱ्या मालकाला कळणार नाही. विशबोन आणि ब्रॅकेट यांची मापं घेऊन नकाशा काढून ठेवला की कुणीही वेल्डर ती करून देईल. फायबरग्लासचा भाग शाबूत असतानाच त्यावरून साचा काढता येतो, तुटल्यावर कठीण. खरी अडचण पुढच्या काचेची. किटवाल्या कंपन्या ती सहसा स्वतः बनवत नाहीत, एखाद्या कारखान्यातल्या गाडीचीच वापरतात. काचेच्या कोपऱ्यात छापील खूण असते, तिचा फोटो आणि काचेची मापं आजच त्या यादीत घाला.